आदेश लेखी द्या

"तुम्ही तिघे पडद्यामागे बसा. पुढे माझी मुले असतील."

सरांनी हे वाक्य पश्चिम जर्मनीतल्या एका लहान गावच्या शाळेत, तिथल्या सभागृहात उच्चारले. सांस्कृतिक खात्याच्या दौऱ्यावर आम्हाला तेथे उतरून दुसराच दिवस होता. त्यांनी स्वतः दोरी ओढली आणि काळा पडदा आमच्या नाकासमोरून सरकत गेला. त्या बाजूला त्यांच्या मुलुंडच्या नृत्यवर्गातली मुलेमुली. नवे फेटे, कडक इस्त्री. प्रत्येकाच्या हातात हलगी. पुठ्ठ्याची, रंगवलेली. या बाजूला मी, माझे मामा आणि माझा चुलतभाऊ महादू. आमच्या हातात खऱ्या हलग्या.

मी तेव्हा पन्नाशीला टेकलो होतो. भांडुपच्या कारखान्यात फिटर, युनियनचा प्रतिनिधी, कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेला माणूस. मामा माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. दुष्काळात साताऱ्याकडचे बिऱ्हाड उचलले तेव्हा घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत हलगी त्यांनीच आणली. सरांनी ती जयंतीच्या मिरवणुकीत ऐकली आणि पत्ता काढत ते घरी आले. सर पुरोगामी होते, हे नमूद केले पाहिजे. आमच्याकडे चहा प्यायले. मामांच्या पाया पडले. आरे कॉलनीतल्या मोकळ्या जागेत मामांनी त्यांच्या मुलांना हिवाळाभर ताल शिकवला. करारावर सही करण्यापूर्वी मी त्यातली प्रत्येक ओळ वाचली होती. त्यात आमचा उल्लेख 'हलगीवादक कलावंत' असा होता. कलावंत हा शब्द मी पुन्हा वाचला, मगच सही केली.

पोहोचलो त्याच दिवशी आमच्या हातून एक प्रकार घडला होता. तिथल्या ओलसर गारठ्याने हलगीचे कातडे सैल पडले. हलगी वाजवायची तर आधी शेकावी लागते. आमच्या वस्तीत त्यासाठी कोणीही चार काटक्या पेटवून देतो. महादूने शाळेच्या आवारात वर्तमानपत्रे गोळा केली आणि काडी लावली. शाळेचा रखवालदार पाण्याची बादली घेऊन धावत आला आणि त्याने ती आगीवर ओतली. महादू ओला, हलगीही ओली.

"आरं, वरात इझवली की ह्यानं," मामा म्हणाले आणि हसत सुटले.

सर मात्र हसले नाहीत. त्यांनी रखवालदाराची क्षमा मागितली आणि इंग्रजीत सांगितले, ही आमची मदतनीस माणसे आहेत, यांना समज नाही. एवढे इंग्रजी मला येत होते. रखवालदाराला मामांनी हातवारे करून हलगी समजावली. तासाभराने तो मांस भाजायची लोखंडी शेगडी घेऊन आला, त्यात निखारे होते. मदतनीस हा शब्द मी त्या दिवशी गिळला. घाईत निघाला असेल, असे मनाला सांगितले. दुसऱ्या दिवशी पडदा आला.

मामा लगेच खाली बसले. हे मला अधिक लागले. गावात पालखीपुढे हलगी वाजायची आणि देवळाच्या पायरीशी थांबायची. पालखी आत जाई, वाजवणारा पायरीखाली उभा राही. मामांचे शरीर जन्मभर तेच शिकले होते. दुसऱ्यांदा सांगावे लागण्याआधीच त्यांनी आपली जागा ओळखली आणि मांडी घातली. विमानाने समुद्र ओलांडून आम्ही त्याच पायरीशी येऊन पोहोचलो होतो.

मी पडदा हाताने बाजूला केला आणि सरांसमोर उभा राहिलो.

"सर, करारात आम्ही कलावंत आहोत."

"आहातच. पण रंगमंचाचे काही सौंदर्यशास्त्र असते. लोकांचे लक्ष नृत्याकडे राहिले पाहिजे, तुमच्या चेहऱ्यांकडे नाही."

"आमच्या चेहऱ्यांत काय आहे?"

"हे बघा, विषय जातीवर नेऊ नका. मी जात मानत नाही."

जात हा शब्द मी उच्चारलाच नव्हता.

"मग आदेश लेखी द्या," मी म्हणालो. "कारणासहित. खाली तुमची सही."

त्यांनी पाण्याची बाटली उचलली. कारखान्यात मी हे अनेकदा पाहिले आहे. तोंडी आदेश देताना आवाज मोठा असतो. कागद पुढे केला की साहेबाला पाणी प्यावेसे वाटते. सर म्हणाले की येथे युनियनबाजी चालणार नाही, आणि परत गेल्यावर आम्हाला पुन्हा कधी विमान दिसणार नाही.

मामा उठले. गुडघे झटकले. "सर, आमच्या डोंगरावरनं दिसभर इमानंच जात्यात. खालनं बघू की."

महादू फिसकन हसला. मुलांपैकीही कोणी तरी हसले. सरांचा चेहरा उतरला आणि आम्ही तिघे आवारात निघून गेलो.

संध्याकाळी सभागृह भरले. आम्ही शेगडीपाशी हलग्या शेकत होतो. वाजवण्याची तयारी पूर्ण होती. बसून वाजवण्याची नव्हती. सरांनी एका मुलीला पाठवले. तिचा पहिला ताल मामांनी हात धरून बसवला होता. ती रडवेली झाली होती.

"आजोबा, चला ना प्लीज. आमची वाट लागेल."

मामा विरघळले. मी ते पाहिले. ते गेले असते तर मी अडवणार नव्हतो; जायचे की नाही, हा निर्णय त्यांचाच होता. त्यांनी हलगी खांद्याला लावली, दोन पावले टाकली आणि थांबले.

"पोरी, म्या तुज्या शेजारी हुबा ऱ्हायलो तर चालंल?"

तिने खाली पाहिले.

"सरांना विचारून येते," ती म्हणाली.

ती परत आली नाही.

आतून घुंगरांचा आवाज आला, आणि सरांनी माइकपुढे ताल धरून वाजवलेल्या टाळ्यांचा. पुठ्ठा वाजत नाही. नाच संपल्यावर प्रेक्षकांनीही टाळ्या दिल्या, भरपूर दिल्या. त्यांना काय ठाऊक, कशाला दिल्या.

सकाळी सरांनी दोन पर्याय ठेवले: मुकाट पडद्यामागे वाजवा, नाहीतर दौरा संपेपर्यंत खोलीत बसा. आम्ही खोलीत बसलो. मामा खिडकीपाशी बसून मांडीवर बोटांनी ताल धरत होते. मी सांस्कृतिक खात्याच्या सचिवांना पहिले पत्र लिहिले.

त्यानंतर मी पुष्कळ पत्रे लिहिली आहेत. पोच येते, निर्णय येत नाही. सरांच्या संस्थेला पुढच्या दौऱ्याची मंजुरी मात्र वेळेवर मिळाली. वस्तीतले काही जण मला म्हणतात, पोरांचे नुकसान करतोस, परदेश हातचा घालवलास. त्यांच्यापुढे मी हात जोडत नाही आणि आवाजही चढवत नाही. मी माझी अट सांगतो. आमंत्रण कोणाचेही असो, महोत्सवाचे, शाळेचे वा मंत्र्यांच्या स्वागताचे. पत्रिकेत वादकांची नावे छापली जातील, वादक लोकांसमोर उभे राहतील, आणि हे दोन्ही आधी सहीनिशी मिळेल. जो नाकारेल त्याला नोटीस जाईल. नोटिशीला उत्तर आले नाही तर दावा लावीन. दावा फेटाळला तर अपील करीन.

अपीलही हरलो, तरी वाजवायला बसणार नाही.