घारमावशीचा चिमटा

काचघरातल्या साऱ्या बायका तिला घारमावशी म्हणत. नजरच तशी होती हो! टोमॅटोची कळी उमलायच्या आत चिमट्याने उघडायची आणि आतले पुंकेसर उपटून टाकायचे, हे तिचं आयुष्यभराचं काम. हे पुंकेसर एकमेकांना बिलगून मधल्या नाजूक दांडीभोवती सुळक्यासारखे उभे असतात. प्रत्येकाच्या परागकोशाला दोन कप्पे, कप्प्यात परागाच्या पिशव्या. एक तुकडा जरी मागे राहिला, तरी पिशवी फुटते, कळी आपल्याच परागाने फळते आणि संकरित बियाण्याचा सत्यानाश!

आणि अलीकडे घारमावशीला तो सुळका धुरकट दिसायला लागला होता. सांगते कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. चिमटा गेला की काम गेलं, मग घरी सुनेच्या तोंडाकडे बघत बसायचं! दोघींचं तर विळ्या-भोपळ्याचं सख्य. सून शेजारच्याच वाफ्यात कालच्या कळ्यांना पराग लावायची. पराग लावणारीने पुंकेसर काढलेल्या ताज्या कळीला हात लावायचा नाही, लावला तर त्याच दिवशी घरी, असा तिथला कडक नियम.

त्या दिवशी सुपरवायझर भिंग घेऊन मावशीच्या ओळीत शिरला. तो एकेक कळी बघत होता. स्वच्छ. पुढची? तीही स्वच्छ. मावशीला हायसं वाटायचं सोडून घामच फुटला. सकाळी याच ओळीत चिमटा घसरला होता, हे तिच्या बोटांना पक्कं ठाऊक होतं.

"ए! तू इथे काय करतेस?" सुपरवायझर ओरडला.

ओळीच्या टोकाला सून वाकली होती. त्याने तिला मूठ उघडायला लावली. तळहातावर परागकोशांचे तुकडे, मावशीच्या हातून राहिलेले.

"परागाचे हात घेऊन कळ्या उघडतेस? चल, चालती हो!"

"हात धुतलेत मी," एवढंच ती म्हणाली. सासूचं नाव काढलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही.

मावशी गप्प बसली असती, तर तिचा चिमटा वाचत होता. पण ती एकदम कडाडली, "तिला काय बोलता? डोळे माझे गेलेत! ती माझं राहिलेलं निस्तरतेय."



"मग ही ओळ आता कोण करणार?" सुपरवायझरने विचारलं.

मावशीने चिमटा बाहीला पुसला आणि सुनेपुढे धरला. "धर. मुळापाशी पकडायचं, टोकाला नाही. तुकडा तिथेच राहतो."

सुनेने चिमटा घेतला.

"ठाऊक आहे, आई. रोज तिथूनच काढतेय."