मानाचा कुणगा पाण्यात

डिचोलीच्या बसस्थानकावरून सकाळची म्हापशाची बस पकडली. श्रावणातला शेवटचा रविवार होता. धारगळजवळच्या माझ्या आजोळी या दिवशी नवें असते. नव्या भाताची पहिली कणसे कापून देवळात न्यायची आणि तिथून घरोघरी दाराला बांधायची. ती बांधल्याशिवाय वाड्यावर (वस्तीत) कुणी नवा तांदूळ शिजवत नाही. कणसे कापायची तीही एकाच शेतातून. त्याला मानाचा कुणगा (भाताचा वाफा) म्हणतात, आणि तो माझ्या मामेभावाचा, शाणूदादाचा. आठवड्यापूर्वी वहिनीचा फोन आला होता. "बाय, औंदा येच. कुणग्याचा काय खरा नाय," एवढेच बोलून तिने फोन ठेवला. त्यामुळे अस्नोड्यापर्यंत खिडकीबाहेर काय दिसत होते ते विचाराल तर मला सांगता यायचे नाही.

म्हापशात पातळ भाजी आणि दोन उंडे (कडक सालीचे पाव) खाऊन पेडण्याची बस धरली. कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका लागतो. पूर्वी पुलावरून आधी शेते दिसायची, आता आधी फलक दिसतात. एका फलकावर हिरव्यागार भातशेताचे मोठे चित्र होते आणि खाली लिहिले होते, 'शेताकडेला तुमचे दुसरे घर'. आमच्या वाड्यावर तीन सख्खे भाऊ बायकामुलांसह दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या पहिल्या घराचा फलक मी अजून कुठे पाहिलेला नाही.

एवढा विचार होतो न होतो तोच बस उड्डाणपुलावर चढली आणि माझा थांबा खाली राहून गेला. मी उठून ओरडले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मावशे, थंय आता थांबो नाय. फुडें सोडतंय." पुढे म्हणजे चांगला पाऊण तास मागे चालण्याइतके पुढे. एका बाजूने विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारी, दुसऱ्या बाजूला गटार, आणि चालणाऱ्या माणसासाठी पाऊलभर जागा नाही. रस्ता आखणाऱ्याने या गावात पायी चालणारे कुणी असेल असे धरलेच नसावे.

वाड्याकडे उतरणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक होते. गेल्या वर्षी ते नव्हते. आतला रखवालदार बांद्याकडचा निघाला. त्याने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली.

"साइट बघूक इलास?"

"शाणूदादाकडे. ही आमची वाट."

"मगे हडे नाव बरवा, मावशे. माका तसा सांगलला आसा." तो ओशाळला होता. त्याने पुढे केलेल्या वहीत मी नाव लिहिले आणि कारणाच्या रकान्यात 'आजोळ' लिहिले. पन्नास वर्षांत प्रथमच मला तिथे कारण द्यावे लागले. आत चार ओळी बंगले उभे होते, साऱ्यांची जनेलां (खिडक्या) बंद. कोण राहते, असे विचारले. "रवत खंय कोण? वर्साक एक फावट येतत," तो म्हणाला.

बंगल्यांची जमीन भराव घालून पुरुषभर उचललेली होती. जिथे ती संपत होती तिथून खाली शाणूदादाचा कुणगा दिसला. म्हणजे पाणी दिसले. यंदा वाढवलेल्या भरावाखाली जुना व्हाळ (ओढा) बुजला होता आणि पावसाचे सगळे पाणी कुणग्यात येऊन बसले होते. रोपे काळी पडून आडवी झाली होती. शाणूदादाने शेत विकले नव्हते. मागणी आली तेव्हा त्याने चहा पाजून माणसे परत पाठवली होती. तरी शेत गेले.

दादा पडवीत बसला होता. सत्तरीचा माणूस, पण मला पाहून उठला. वहिनीने पातोळ्या वाढल्या, हळदीच्या पानात उकडलेल्या. पुडीच्या पिठाच्या होत्या. तिनेच सांगितले, "घरचा पीठ सोपला, बाय."

नवें कुठून आणणार, असे मी विचारले. "सातार्ड्याच्यान हाडलीं," दादा म्हणाला. पुतण्याने सासुरवाडीहून कणसांची जुडी आणली होती.

हे झाले कसे, तेही सांगायला हवे. तीन वर्षांपूर्वी नवा आराखडा निघाला. त्यात महामार्गालगतचा सगळा पट्टा घरबांधणीसाठी दाखवला होता. हरकती मागवल्याची सूचना पंचायतीच्या फलकावर लागली. वाड्याने हरकत घेतली, पण आपल्या रिवाजाने. सगळे मिळून राखणदाराकडे (सीमेवरच्या देवाकडे) गेले, नारळ ठेवला आणि शाणूदादाने गाऱ्हाणे घातले. एकदोघांनी लेखी कागद देण्याचे काढले तेव्हा तो म्हणाला होता, "राखणदाराक सांगला. आता आनी कोणाक सांगूचा?" पुढे भराव पडू लागल्यावर तो कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने फाइल उघडून दाखवली. या गावातून एकही हरकत आलेली नाही, असे त्यात लिहिले होते.

दुपारी सगळा वाडा देवळात जमला. शाणूदादाने सातार्ड्याची जुडी देवापुढे ठेवली आणि गाऱ्हाणे सुरू केले. गाऱ्हाण्यात एकाने सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी रुकार द्यायचा.

"बा देवा म्हाराजा, आज सगळीं लेकरां तुज्या पायाकडे जमलीं हत."

"व्हय म्हाराजा."

यानंतर 'मानाच्या कुणग्याचीं कणसां हाडल्यांत' असे म्हणतात. तिथे तो अडला. वहिनीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"हीं कणसां आमच्या कुणग्याचीं न्हय."

 मग सवयीने सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"कागद दिवचो आसलो. मीच नको म्हटलंय. चूक माजी एकट्याची, लेकरांची न्हय."

"व्हय म्हाराजा."

या रुकारात मी मिसळले नाही. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. वहिनीने बळेच दिलेली दोन कणसे पदरात होती. ती दाराला बांधावीत की नाही, हे मला ठरवता येत नव्हते. मी पस्तीस वर्षे मुलांना मराठी शिकवली. विनंती अर्ज, तक्रार अर्ज, हरकतीचे पत्र, सगळे फळ्यावर लिहून दिले. तीन वर्षांपूर्वी राखणदारापुढे मीही उभी होते. सूचना वाचलेली होती आणि हरकत लेखीच लागते हे तिथल्या सगळ्यांत मला पक्के ठाऊक होते. पण थोरल्या भावाला चारचौघांत कसे अडवायचे, म्हणून गप्प राहिले. डिचोलीला परतून एक पान लिहून पाठवले असते तरी त्या फाइलीत गावाची एक हरकत असती. तेही मी केले नाही.

आज दादाने सगळी चूक एकट्याच्या माथी घेतली, आणि मी मागे उभी राहून ती त्याला घेऊ दिली.