रमाकांतचा कौल

प्राचीचा फोन आला तेव्हा मी देवळात होतो. सकाळची पूजा उरकली होती आणि तगरीच्या दोन ओल्या पाकळ्या हातात घेऊन मी देवीसमोर बराच वेळ नुसता उभा होतो. "मामा, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. तिच्या मागे कोल्हापूरच्या इस्पितळातला कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होता... मी तिला काय म्हणालो ते आठवत नाही. पाकळ्या मात्र परत तबकात ठेवल्या, हे आठवतं. ज्याच्या सांगण्यावरून त्या हातात घेतल्या होत्या, तोच गेला होता.

रमाकांत माझा बालमित्र, आणि पुढे माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, नवरा. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर तो बर्फाची गाडी चालवायचा. त्याच्या कष्टांबद्दल, त्याच्या हसण्याबद्दल, अडल्यानडल्याला गाडी घेऊन धावण्याबद्दल गावातलं कुणीही सांगेल. मी जे सांगणार आहे ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस. हे तर इतकी वर्षं स्वतःशीसुद्धा धड बोललो नव्हतो.

आमचं गाव रत्नागिरीपासून आत, डोंगराच्या कुशीत. शाळा संपली तशी आमच्या वर्गातली सगळी मुंबईला गेली. गणपतीला यायची आणि विसर्जन झालं की परत जायची. मागे राहिलो आम्ही दोघं. आम्ही गावचे गुरव, देवीची पूजा आमच्या घराकडे, म्हणून मला जाता आलं नाही. पुढे जवळच्याच शाळेत कारकुनी मिळाली. रमाकांत चिऱ्याच्या खाणीवर जाता जाता ट्रक शिकला आणि तिथेच लागला. संध्याकाळी तो देवळाच्या पायरीवर येऊन बसायचा, बोलायचा तोच, मी ऐकायचो. "काय गुरवा, देवी काय म्हणते?" हे त्याचं ठरलेलं. "का तुझ्यासंगती राहून तीपण गप्प झाली?" त्याचं नि सुनंदाचं लग्न ठरलं तेव्हा गावाला वाटलं मी जुळवलं. मला तर पत्रिका छापायला गेल्यावर कळलं. पण बरं वाटलं... वाटलं, आता हा कुठे जात नाही.

प्राची पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. चिऱ्याची खाण बंद पडली आणि रमाकांतकडे एकाच आठवड्यात दोन कामं चालून आली. एक बंदरावरचं. कारखान्यातून बर्फ भरायचा, जेटीवर बोटींना पोचवायचा, येताना मासळी घेऊन कंपनीत टाकायची, संध्याकाळी गाडी आणून स्वतःच्या अंगणात लावायची. दुसरं एका ट्रान्सपोर्टवाल्याचं. मासळी नाहीतर आंबा घेऊन गोवा, कारवार, मंगळूर, थेट कोचीपर्यंत. ड्रायव्हर लोक पहिल्या कामाला लोकल म्हणतात, दुसऱ्याला लाइन. लोकलला पगार बेताचा, पण रोज घरचा भात आणि स्वतःचं अंथरूण. लाइनला पैसा जास्त, वर भत्ता, पण आठ-आठ दिवस केबिनमध्येच झोपायचं, आणि घरात कुणी आजारी पडलं तर ते फोनवर ऐकायचं. रमाकांतचे वडील अंथरुणाला खिळलेले, मूल तान्हं. तो दोन्ही बाजू नीट मांडायचा, वकिलासारख्या. फक्त कारवारच्या पुढचं सांगताना त्याचा आवाज बदलायचा. "लोकलला गाडी चालवली म्हणत नाय रे," तो म्हणाला होता, "गाडी हलवली म्हणतात. इकडची उचलायची, तिकडे ठेवायची."

आणि तरी ठरवता येईना. शेवटी म्हणाला, देवीला विचारू.

कोकणातल्या वाचकांना कौल सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. देवीच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या खांद्याला एकेक ओली पाकळी लावायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. कुठली आधी पडते तो देवीचा शब्द. घर बांधायचं, सोयरीक करायची, विहीर खणायची, आमच्याकडे कौल घेतल्याशिवाय माणसं पुढे जात नाहीत. आणि एका गोष्टीला एकदाच कौल. मिळाला तो मिळाला, मनासारखा नाही म्हणून परत मागायचा नाही. पाकळी लावायचं काम गुरवाचं. माझ्या वडिलांनी मला शिकवताना बोट धरून दाखवलं होतं : पाकळी ठेवायची, दाबायची नाही. नुसती ठेवली तर ती आपल्या मनाने सुटते. अंगठ्याने दाबली तर दुपारपर्यंत हलत नाही. हे प्रत्येक गुरवाला माहीत असतं, आणि म्हणूनच कुणी करत नाही.

रमाकांतने ठरवलं, उजवी पडली तर लाइन, डावी पडली तर लोकल. तो पुढे हात जोडून उभा, सुनंदा मूल कडेवर घेऊन मागे खांबापाशी. मी गाऱ्हाणं घातलं. डावी पाकळी ठेवली. उजवी ठेवताना अंगठा दाबला.

थोड्या वेळाने डावी पडली. रमाकांत तिच्याकडे बघत राहिला. मग वाकून नमस्कार केला, प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं आणि म्हणाला, "बरं. मग बर्फ."

पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हे मी सुनंदासाठी केलं. तान्ह्या मुलीसाठी, अंथरुणावरच्या म्हाताऱ्यासाठी. आज लिहायला बसलोय तर खरं लिहितो. त्या क्षणी माझ्या मनात बहीण नव्हती. माझ्या मनात देवळाची पायरी होती आणि तिच्यावर मी एकटा बसलेला. अख्खं गाव गेलं, निदान हा तरी राहू दे... बस, एवढंच. एका माणसाची सोबत सुटू नये म्हणून मी त्याचा रस्ता अडवला आणि नाव देवीचं लावलं.

रमाकांतने बर्फाची गाडी मन लावून चालवली. कधी कुरकूर नाही. बर्फाच्या लाद्या ओढून तळवे राठ झाले होते, उन्हाळ्यातसुद्धा हात गार लागायचे, आणि गुरुवारी देवळात आला की म्हणायचा, देवी मला माशाच्या वासानेच ओळखते. वडिलांचं सगळं त्याने केलं. प्राचीला शाळेत सोडायला बर्फाची गाडी जायची, तेव्हा इतर मुलं लाडीगोडी लावून एखादा तुकडा मागून घ्यायची. सुखाचा संसार होता, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणायचो, मुद्दाम.

पण बंदरावर लाइनची गाडी येऊन लागली की तो तिच्या ड्रायव्हरला चहाच्या टपरीवर घेऊन जायचा आणि खोदून खोदून विचारायचा. घाट कसा आहे, पूल झाला का, पुढे झाडं कसली, माणसं काय खातात. आणि घरी येऊन ते प्राचीला सांगायचा. आधी 'तो सांगत होता' म्हणून. पुढे कधीतरी ते 'मी गेलो होतो तेव्हा' झालं. केव्हा झालं ते त्यालाही कळलं नसावं. कोचीच्या खाडीत उभ्या केलेल्या मोठमोठ्या जाळ्यांची गोष्ट तो इतकी रंगवून सांगायचा की मीसुद्धा पायरीवर बसून ऐकत राहायचो. प्राची आठवी-नववीत असताना तिने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, बाबा कोचीला कधी गेले होते? मी म्हणालो, तुझ्या जन्माआधी. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं... आणि ती खूश होऊन गेली.

त्याच ट्रान्सपोर्टवाल्याने पुढे पुन्हा विचारलं होतं. तोवर वडील वारले होते, मुलगी मोठी झाली होती, अडचण अशी काही उरली नव्हती. रमाकांतने नकार दिला आणि संध्याकाळी येऊन मला सहज सांगितलं. मी म्हणालो, जायचंस की. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी काहीतरी अमंगळ बोललो. "गुरव असून असं बोलतंस? देवीने एकदा सांगितलं ना." त्या वेळी बोलायला हवं होतं. अख्ख्या आयुष्यात त्याहून सोपी वेळ आली नव्हती. मी उठलो आणि समईत तेल घालायला आत गेलो.

यंदा उन्हाळ्याच्या अखेरीला त्याचं पोट दुखायला लागलं आणि तपासण्यांत जे निघालं त्यावर इलाज उरला नव्हता. कोल्हापूरला हलवलं तेव्हा रुग्णवाहिकेत मी त्याच्याजवळ होतो. आंबा घाटात त्याने मला उशी मागे लावायला सांगितली आणि उठून बसून काचेतून बघत राहिला. ड्रायव्हर वळणावर गिअर उशिरा टाकतो म्हणून वैतागलासुद्धा. तसा बरा होता त्या दिवशी.

दोन दिवसांनी सुनंदा खाली औषधं आणायला गेली असताना त्याने मला जवळ बोलावलं. प्राची मत्स्यशास्त्र शिकली आहे. तिला दोन नोकऱ्या आल्या होत्या, एक रत्नागिरीत मासळीच्या कंपनीत, घरून जाऊन येऊन करण्यासारखी, आणि दुसरी कोचीला. तो म्हणाला, पोरगी माझ्या आजारपणामुळे जायचं नाव काढत नाही. मी जा म्हटलं तर सुनंदा एकटी पडते, थांब म्हटलं तर... "तू गावी जा नि कौल लाव. देवी सांगेल तसं करू. माझ्या वेळी सांगितलं तसं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्याचा हात धरला, तो आता गरम लागत होता. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "लावतो."

मी गावी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकळ्या ओल्या केल्या. पण हात पुढे जाईना. या अंगठ्यावर माझाच विश्वास राहिला नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा प्राचीने ओटीवर सुनंदासमोरच विचारलं, "मामा, बाबांनी कौल लावायला सांगितला होता ना? काय आला?" कंपन्यांना कळवायची मुदत संपत आली होती. खरं सांगतो, तोंडाशी आलं होतं, उजवा पडला, जा म्हणून. पोरगी गेली असती, बापाचं राहिलेलं तिने बघितलं असतं, आणि मी मोकळा. पण तेही अंगठा दाबणंच झालं असतं. मी सांगितलं, कौल लावलाच नाही. का लावला नाही, रमाकांतच्या वेळी उजव्या पाकळीवर अंगठा कसा दाबला होता, तेही सांगितलं. पायरीवर एकटा पडायची भीतीही सांगितली.

सुनंदा निवडत होती ते तांदळाचं सूप तिने बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "दादा, मी मागे उभी होते त्या दिवशी. मनातल्या मनात म्हणत होते, उजवी पडू दे. मी सांभाळलं असतं सगळं." आणि ती आत निघून गेली.

प्राची रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मग आता माझ्या वेळी कुठल्या पाकळीवर अंगठा दाबणार, मामा?" ते टोचायला म्हटलं होतं आणि ते टोचलं. रात्रभर माय-लेकी बोलत होत्या म्हणे. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नव्हता. चार दिवसांनी प्राचीने स्वतः येऊन सांगितलं, कोचीला कळवलं. "बाबांचं राहिलं म्हणून नाय जात," ती म्हणाली. "मला जायचंय म्हणून जातेय." श्रावण लागायच्या आत ती गेली. देवीची पूजा मी करतो, कौल लावायचं काम मात्र चुलतभावाकडे दिलं आहे. लोक कारण विचारतात. आता वाचतील.

सुनंदा एकटी आहे, म्हणून रोज संध्याकाळी तिच्याकडे जातो. ती चहा देते, बोलत नाही. तिच्या अंगणात यंदा गुडघाभर गवत आलं आहे. नाही फक्त एका जागी. बर्फाची गाडी उभी राहायची तिथे मासळीचं खारं पाणी ठिबकून ठिबकून जमीन मेली आहे, बरोबर गाडीएवढी. गाडी मालकाने नेली, आता दुसरा कुणी चालवतो. मी मात्र अजून त्या जागेला वळसा घालून ओटीवर चढतो. परवा पाहिलं, सुनंदाही कपडे वाळत घालायला जाताना तसाच वळसा घालते.

हे छापायला देण्याआधी तिला विचारणं भाग होतं. कागद तिच्यापुढे ठेवले. तिने सगळं वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

"दे," ती म्हणाली. "पण ते गाडी हलवत नव्हते, दादा. चालवत होते. तेवढं लिही."