बिब्ब्याचा डाग

मी पहिल्यापासून संशयी. कौतुकाने सांगत नाहीये, पण लपवतही नाही. भाजीवाल्याने वजन केलं की मी पारडं खालून चाचपून बघायचे. पाहुण्यांनी आणलेला पेढा आधी हुंगायचे, मग खायचे. नवरा म्हणायचा, "यमाने हिच्या हातात चिठ्ठी दिली तरी ही विचारेल, सही कुणाची आहे?" आणि नशीब बघा, नोकरीही तसलीच मिळाली. कोलशेतच्या एका औषधाच्या कंपनीत मी इंजेक्शनच्या बाटल्या तपासायला होते. समोर ट्यूबलाइट, मागे अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी, आणि तिच्यापुढे बाटली उलटी-सुलटी करून बघायची. आत बारीकसा ठिपका जरी दिसला तरी बाटली बाजूला. आठ तास हेच. माझ्या हातून गेलेल्या मालाची कधी तक्रार आली नाही, म्हणून ऑफिसात मान होता आणि घरात माझा शब्द शेवटचा होता.

ही ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. आम्ही टेंभी नाक्याजवळ एका चाळीत दोन खोल्यांत राहायचो. वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली. रत्नागिरीकडची बाई, जन्मभर अनवाणी चाललेली. मी आणून दिलेल्या चपला दाराशी शोभेला पडलेल्या असायच्या. त्या वर्षी होळीनंतर तिच्या उजव्या टाचेची भेग इतकी ठणकायला लागली की पाय टेकवेना.

आमच्याकडे मासळी घेऊन एक कोळीण यायची, खाडीकडच्या गावातली, पन्नाशीची, आवाजाने अख्खी चाळ जागी करणारी. तिच्या पाटीतला एक बांगडासुद्धा मी कल्ले उघडून बघितल्याशिवाय घेतला नाही. ती हसायची. "बाय, तू माशाला इचारतंस का, कवा मेलास म्हनून?" आईशी मात्र तिचं मेतकूट जमलेलं. आईची टाच बघून एक दिवस तिने आपल्या पिशवीतून बिब्बा काढला, आमच्याच स्टोव्हवर सुई तापवून त्याला टोचली आणि वर आलेल्या काळ्या तेलाचा चटका आईच्या टाचेला दिला. मी कामावर होते. संध्याकाळी आईने सांगितल्यावर मी भडकले.

"तिला कुणी डॉक्टर केलं?"

"अगं, आमच्याकडे लहानपणापासून लावतात. बघ, बरं वाटतंय मला."

बरं वाटलंही. दुखणं थांबलं. पण मी रागात होते, त्यामुळे पाय काही बघितला नाही.

पुढे पावसाळ्यात आई एकदा दाराच्या उजेडात पाय पसरून तांदूळ निवडत बसलेली. मी बाहेरून आले आणि तिचा तळपाय माझ्या समोर आला. टाचेच्या पुढच्या अंगाला चार आण्याच्या नाण्याएवढा डाग. कुठे काळा कुळकुळीत, कुठे तपकिरी, कडा वेड्यावाकड्या. माझं डोकंच फिरलं.

"बघ! बघ काय करून ठेवलंय त्या बाईने! बिब्बा उतलाय हा, कातडी जाळलीय."

"अगं पण..." आई म्हणाली.

"पण नाही आणि बिण नाही. येऊ दे तिला उद्या."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तिची वाट बघत बसले. ती आली तशी दारातच तिला धरलं. तिने पाटी उतरवली, खाली बसली, आईचा पाय मांडीवर घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाय, यो डाग माझा नाय. माझा बिब्बा पंदरा दिसांत खपली धरून पडतो. यो कायतरी दुसराच हाय. डाक्तरला दाखव."

चोर तो चोर, वर शिरजोर! मी काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. चाळीतल्या बायका गॅलरीत जमल्या. आई मागून "अगं, राहू दे, राहू दे" करत होती. मी त्या बाईला सांगितलं, या चाळीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. ती पाटी उचलून गेली.

पंधरा दिवसांनी रविवारी ती परत आली. डोक्यावर पाटी नाही, धुतलेलं लुगडं, हातात काही नाही. दारातूनच म्हणाली, "आयेचा पाय मोठ्या डाक्तरला दाखवलास का?" मला लगेच कळलं, म्हणजे मला तसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं. हिला भीती पडलीय की आपल्यावर पोलीस केस होणार. नाहीतर मासळी विकणारी बाई रविवारची एवढं चालत कशाला येईल? मी दार लावून घेतलं.

डॉक्टरकडे मी जातच होते, त्यात हयगय नाही केली. नाक्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आईला नेलं. आई स्टुलावर, मी तिच्या शेजारी उभी. डॉक्टरांनी "काय होतंय, आजी?" म्हणायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. कोळीण, स्टोव्ह, सुई, बिब्बा. त्यांनी पायाकडे बघितलं, मान हलवली आणि मलम लिहून दिलं. "असल्या अडाणी बायकांकडून करून घेता कशाला?" म्हणाले. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! जणू माझ्याच बाजूने निकाल लागला.

मलमाने काही झालं नाही. मग नौपाड्यातले दुसरे डॉक्टर. तिथेही बिब्बा मीच सांगितला. त्यांनी भाजल्याचं औषध दिलं. मग एक वैद्य. त्यांना तर बिब्बा म्हटल्यावर पुढे काही विचारायची गरजच वाटली नाही. त्यांनी खोबरेल लावायला सांगितलं. दर वेळी मी बोलायचे आणि आई छताकडे बघत बसायची.

नवरात्रात आई दरवर्षी नाक्यावरच्या देवीला अनवाणी जायची. त्या वर्षी ती पहिल्यांदा चपला घालून गेली, आणि परत आली तेव्हा चपलेच्या आत रक्त होतं. मला तेव्हाही राग आला तो त्या कोळणीचा. दिवाळी झाली आणि आईच्या जांघेत गाठ आली. सुपारीएवढी, टणक, न दुखणारी. तेव्हा मात्र मी भावाला कळवलं.

भाऊ डोंबिवलीला राहायचा. म्हणाला, माझ्या ओळखीचा एक चामडीचा डॉक्टर आहे, नवीनच आहे पण हुशार आहे. मी मनात म्हटलं, ओळखीचा म्हणजे याला काहीतरी मिळत असणार, उगाच कापाकापी करून ठेवतील. म्हणूनच मी सोबत गेले, कुणी आईला फसवू नये म्हणून.

डॉक्टर अगदी तरुण होता. मी सुरुवात केली, "बिब्बा लावला होता एका बाईने, त्याचा..."

"एक मिनिट ताई, आजींना बोलू दे," तो म्हणाला आणि आईसमोर खाली बसला. "आजी, बिब्बा कुठे लावला होता? बोट ठेवून दाखवा."

आईने पाय वळवला आणि टाचेच्या अगदी मागच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे काहीही नव्हतं. एक भरून आलेली भेग, बस्स. डाग तिथून चांगला तीन बोटं पुढे होता.

"आणि हा काळा?"

"तो आधीचाच हो. तिथे तीळ होता बारीकसा. दोनेक वर्षांत वाढला."

भाऊ माझ्याकडे बघत होता, मी जमिनीकडे. डॉक्टर म्हणाला, तुकडा काढून तपासायला हवा, आणि उद्यावर टाकू नका. आठवड्याने रिपोर्ट आला. मेलॅनोमा हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तिळाचाही कॅन्सर होतो, तळपायालाही होतो, आणि तो तिथून जांघेतल्या गाठीत उतरला होता.

त्या रात्री भावाच्या घरी मी आईला विचारलं, "तू एवढे महिने बोलली का नाहीस गं?"

"तू सांगत होतीस ना," ती म्हणाली. "तू आठ तास डोळे फोडून बारीक बारीक बघतेस. मला वाटलं, माझ्या पायाचंही तुलाच जास्त कळत असेल."

मी ओक्साबोक्शी रडले. आई मला थोपटत बसली.

कोळणीला शोधायला मी मार्केटात गेले. ती कोलंबी सोलत होती. मला बघून तिचे हात थांबले नाहीत. आता ती माझ्याकडे संशयाने बघत होती, आणि ते मला सोसवेना. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "मी आलेलू ना रविवारी." मी म्हटलं, हो, आली होतीस.

पुढे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डाग काढला, मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. पण उशीर झाला होता, आणि आई त्यानंतर सात महिनेच राहिली. तिथल्या पहिल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "एवढे महिने काय करत होतात तुम्ही?"

तपासायच्या टेबलावर पडलेली आई कडेला धरून उठून बसली. "तिच्यावर रागावू नका, डॉक्टर," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. "फार लक्ष असतं हिचं. तीन-तीन डॉक्टर केले हिने. मला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही."