मेस्त्रींचे निघणे

आमच्या मेस्त्रींना जगातील सर्व विरक्त माणसांविषयी अतोनात आदर होता, आणि तितकेच प्रेम त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकींनी, तळलेल्या बोंबलांविषयी होते. या दोन गोष्टींत काही विरोध आहे, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. "आदी धरलंच नाय, तर सोडनार काय, बाई?" असे मला विचारून ते पुढचा बोंबील उचलीत.

साठच्या दशकात तारापूरच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मी त्यांच्या घरातील एका खोलीत राहत असे. मेस्त्री होड्या बांधीत. घरापुढे खाडीच्या काठाला त्यांचा मांडव होता आणि त्यात एखादी अर्धी बांधलेली होडी नेहमी उभी असे. पलीकडे अणुवीज केंद्राचे काम सुरू झाले होते. बोईसर स्टेशनावर रोज नवी माणसे उतरत आणि जो तो काहीतरी मिळवायला आलेला असे. मेस्त्रींचे लक्ष मात्र सारे सोडून निघालेल्यांकडे. गिरनारला जाणारा गोसावी असो, दर्ग्यावरचा फकीर असो, की अनवाणी विहार करणाऱ्या जैन साध्वी असोत, मांडवाची सावली सर्वांना मोकळी होती.

आलेल्याला पाणी दिले की मेस्त्री विचारीत, "घरी कोन कोन हाय?" जो नुसता हसे, तो त्यांच्या मते खरा. जो भावजयीपासून सुरुवात करून बांधावरच्या आंब्यापर्यंत सारे सांगे, त्याला ते 'रुसलेला' म्हणत. अशा रुसलेल्यांना काकी पोटभर जेवू घालीत आणि मेस्त्री गोड बोलून परतीच्या गाडीत बसवून देत.

मी पडले शाळामास्तरीण. विषय निघाला की त्याची नीट मांडणी केल्यावाचून मला राहवत नसे. संन्यासी स्वतःचे श्राद्ध स्वतःच करून निघतो. फकीर उद्याची भाकरी आज बांधून ठेवत नाही. जैन साध्वी एकाच घरी पोट न भरता घरोघरचे थोडे थोडे घेतात. वसईकडच्या मठांतील काही ख्रिस्ती साधू आपल्या व्रतांची खूण म्हणून कमरेच्या दोरीला गाठी मारतात. मेस्त्रींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "गाठ कोनती? होडी बांदतात ती, का दुसरी?" मग मी सारांश सांगितला, की मार्ग निरनिराळे असले तरी पहिली पायरी एकच, 'माझे' हा शब्द खाली ठेवणे. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "ठेवीन. पन ठेवल्यावर त्याच्यावर लक्ष कोन ठेवनार?"

स्वयंपाकघराच्या आढ्याला एक दर्याई नारळ टांगलेला होता. दोन नारळ एकमेकांना चिकटून वाढावेत तसे हे फळ दूरच्या बेटांवरून कधीकाळी वाहत येते. मेस्त्रींच्या वडिलांना ते किनाऱ्यावर सापडले होते. मधोमध कापले की होडीच्या आकाराची दोन पात्रे होतात आणि गोसावी व फकीर दोघेही अशा भिक्षापात्राला फार मानतात. मेस्त्रींचा संकल्प साऱ्या गावाला ठाऊक होता. "पोरीचं लगीन झालं, का हा कापीन, आन आपलं पात्र घेऊन निगेन."

"निगा की," काकी तव्यावरून मान न उचलता म्हणत. "चष्मा तेवडा घेऊन जा. नायतर फिरून माज्याच दारात याल भिक्षेला!"

त्या वर्षी मुलीचे लग्न माकुणसारला ठरले आणि काकींचे टोमणे बंद झाले. एकदा विहिरीवर त्यांनी मला हळूच विचारले, "बाई, तुमी शिकलेल्या. अशी बोलनारी मानसं खरंच जातात का वो?" मी त्यांची कळशी भरून दिली.

लग्न झाले, पाहुणे पांगले आणि मेस्त्रींनी नारळ खाली काढला. निघण्यापूर्वी हातून काही दान घडावे म्हणून त्यांनी सागाचे एक देखणे पात्र घडवले होते. सकाळी साध्वी आल्या तेव्हा ते त्यांनी पुढे केले.

"कोणासाठी केलंत?" साध्वींनी विचारले.

"तुमच्यासाटीच, महाराज."

"मग आम्हाला चालणार नाही. आमच्यासाठी म्हणून केलेलं आम्ही घेत नाही." त्या हसून पुढे गेल्या.

मेस्त्रींनी ते पात्र मांडवातल्या फळीवर ठेवून दिले.

दुपारी मांडवात एक गोसावी आणि एक फकीर योगायोगाने एकाच वेळी टेकले. गोसाव्याचा भोपळ्याचा कमंडलू तडकलेला, फकिराच्या हाती पत्र्याचा डबा. दोघांची नजर एकदमच नारळावर गेली.

"हा आम्हा साधूंचा," गोसावी म्हणाला.

"अरे जा बाबा! फकीर का कशकोल, भीख का कटोरा, इसीका बनता है. पूछो किसीको भी."

आवाज चढले. मेस्त्री खो खो हसू लागले. "सगळं सोडून आलात, आन नारळावर भांडताय?" हसता हसता त्यांनी खाली पाहिले. नारळ त्यांनी स्वतःच दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला होता. हसणे थांबले. "बाई," ते मला म्हणाले, "भांडनारे दोगं नायत. तिगं हायत."

त्यांनी करवत घेतली.

काकी आत भाकऱ्या थापत होत्या. करवतीचा आवाज कानी पडताच त्यांचे हात परातीत थांबले. आवाज संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. गोसावी उत्तरेच्या वाटेला लागला होता, फकीर दर्ग्याकडे. प्रत्येकाच्या हाती नारळाची एकेक होडी. मेस्त्री खाली बसून भुसा झाडीत होते.

"आन तुमचं पात्र?" काकींनी विचारले.

"जायचं होतं ते गेलं," मेस्त्री म्हणाले.

आत जाऊन काकींनी राहिलेल्या भाकऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तो आढ्याच्या रिकाम्या दोरीला पांढऱ्या कांद्यांची भली मोठी माळ लटकत होती आणि मेस्त्री तिच्याकडे काळजीने बघत होते.

"अगो, साध्वी कांदा खात नायत. हे बगून उंबऱ्यावरनंच परततील की!"

"परततील तर परतू द्या," काकी म्हणाल्या. "तुमी हायत ना खायला."