उदारामची पळती सायकल

उदारामच्या सायकलच्या पुढच्या चाकाचा आठचा आकडा मीच केला. शाळेत पाढे शिकवणाऱ्या माणसाला हा आकडा काढायला एक बैलगाडी आणि एक उतार पुरला. गाडीवाल्याने मला रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीतून उपसून काढलं आणि विचारलं, "गुरुजी, एवढी घाई काऊन?"

घाई कसली? वेगाची चव घ्यायची होती. कोहमाऱ्याच्या नाक्यावर पंक्चर काढणाऱ्या उदारामची सायकल पळते, अशी आमच्याकडे ख्याती होती. मडगार्ड, चैनकव्हर, स्टँड, जे जे खडखडतं ते ते त्याने काढून फेकलं होतं. हँडल खाली, हवा दगडासारखी. "आवाज बंद करा, मंग वारा आयकू येते," तो सांगायचा. "अन् खडान् खडा हाताले कळला पायजे. त मंग गाडी पळते."

खरोखर पळत होती! कानात वारा, हातात झिणझिण्या, आपण आता जमीन सोडणार असं वाटत होतं. घड्याळाचं मत निराळं पडलं. पडायच्या आधीच आमचा पोस्टमन चैतराम पाठीवर थैली घेऊन, आपल्या खडखडत्या सायकलवर, माझ्या पुढे निघून गेला होता.

हे मी उदारामला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. वाकडं चाक बघत म्हणाला, "उद्या पहाटे मले पोरीले आणाले जायाचं होतं, गुरुजी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्रभर दंडारीची नाटकं होतात, पाहुणे येतात, आणि बाप जाऊन लेकीला माहेरी आणतो. उदारामची बायको धुरपता वारली त्याला चार वर्षं झाली. घरात तो आणि पंप. एकुलती शामकला चोरखमाऱ्याच्या तळ्याखालच्या गावात दिलेली. वर्षभर तो ती सायकल पळती करत होता ती या एका फेरीसाठी.

सकाळी तो चाकाची एकेक तार पिळत बसला. मी चहा नेला. तो प्यायला आणि पुन्हा तारेला लागला. चाक सरळ व्हायला दुपार झाली. कॅरियरवर पोरीसाठी पोत्याची घडी बांधून निघाला, तेव्हा मी म्हटलं, "हळू जा रे."

"हळू जायाले थे सायकल हाय का?"

दुसऱ्या दिवशी, मंडईच्या दिवशीच, संध्याकाळी तो रस्त्यात भेटला. शेजारणीकडून शामकलासाठी मागून आणलेली खाट डोक्यावर घेऊन परत द्यायला निघाला होता. तिकडे दंडारीची ढोलकी वाजायला लागली होती.

"पोरगी?"

"सासू म्हणे, धान कापाचं हाय. नाई धाडली."

मी खाटेचा एक पाय धरला. दुसरं काय धरणार? थोडं चालल्यावर मला राहवेना. "उदाराम, माझ्यामुळेच झालं हे. पहाटे निघून वेळेवर पोचला असतास, तर धाडली असती ना तिने?"

"मांगच्या साली त दोन दिवस आधी पोचलो होतो, गुरुजी."