चार्जिंगचा तास

मोबाईल चार्जिंगच्या चकतीवर ठेवला की मला संत्र्याच्या सालीचा वास येतो. बाबांच्या कमरेत कातडीखाली दुखणं दाबणारं यंत्र बसवलं होतं. त्याला बाहेरून वायर नव्हती. रोज दुपारी, आधी स्वतः चार्ज करून ठेवलेला चकतीचा पट्टा कमरेला बांधून तासभर बसलं की ते कातडीतूनच चार्ज व्हायचं. एरवी अंधार पडेपर्यंत संत्र्याच्या बगिच्यात राबणारे बाबा त्यामुळे सौंसरच्या घरी ओसरीत बसू लागले. आई समोरच्या खुर्चीत संत्री सोलून त्यांच्या हातावर फोडी ठेवायची आणि इतक्या वर्षांचं मनातलं बोलायची. पुढे नागपूरला यंत्र बदललं. नव्याला चार्जिंग लागत नव्हतं. टाके काढून आलो त्या दुपारीही आईनं दोन खुर्च्या मांडल्या होत्या. "आता बसाची झंझट नाही, सुटलो एकदाचा," असं म्हणत बाबा हसले आणि बगिच्याकडे निघाले. अर्धवट सोललेलं संत्रं हातात धरून आई म्हणाली, "माही गोष्ट तं अर्धीच राहिली." ते फाटकापर्यंत पोचले होते, त्यांना ऐकू गेलं नाही. आता बाबा नाहीत. तो जुना पट्टा मात्र आई अजून मधूनमधून चार्जिंगला लावते आणि हिरवा दिवा लागेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहते.